लाइलच्या बुटांचे ठसे

३ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रॅम्प. बर्फ अजून पडलेला नाही, पण म्हणून काही अडत नाही. आइस रिंकवर मशीन बर्फ तासतं, तो चुरा मागच्या दाराशी फुकट पडलेला असतो. पिकअपच्या तीन खेपा केल्या. ते मशीन माझा थोरला भाऊ लाइल चालवायचा. मार्चमध्ये गेला. हार्ट.

अंगणातला रॅम्प गेली बावीस वर्षं मीच बांधतो. लाइल हाताखाली असायचा. सोळा तारखेला त्याचा वाढदिवस. त्याचाच स्नोबोर्ड पायाला बांधून शेडच्या छपरावरून सुटणार (मिनेसोटात टेकडी कुठून आणायची?) आणि रॅम्पवरून उडी. सगळ्यांना आमंत्रण गेलंय. लेव्हलबिव्हल लागत नाही. माझी नजर हीच लेव्हल.

५ नोव्हेंबर
लाकडी सांगाडा उभा. त्यावर गवताचे गठ्ठे, वर चुरा, वर पाणी. गोठून दगड झाला की काम फत्ते. बायको डार्ला खिडकीतून म्हणाली, डावीकडे कललाय. म्हटलं, खिडकी कललीय.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५
कामावरून आलो तर रॅम्प सरळ. बर्फ बसणार हे मी धरलंच होतं. डार्लाला तसं समजावलं. ती भांडी पुसत राहिली.

८ नोव्हेंबर
काल नवा थर दिला. किंचित डावीकडे गेला होता, हे मान्य. आज पुन्हा सरळ. पण भोवती बुटांचे ठसे. डाव्या टाचेला सायकलच्या टायरचं ठिगळ. असा बूट सगळ्या गावात एकाचाच होता.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. जेवण गेलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार
सुट्टी. दिवसभर रॅम्पपाशी बसलो. कोणी आलं नाही. मी असताना तो कशाला येईल?

मार्चमध्ये त्याने फोन केला होता, छपरावरचा बर्फ काढायला ये म्हणून. माझी पाठ दुखत होती. तो एकटाच चढला. उतरला आणि पायरीवर बसला तो बसलाच. पाठ खरंच दुखत होती.

११ नोव्हेंबर
निघताना रॅम्पजवळ थर्मॉसभर कॉफी आणि लिंबाच्या वड्या ठेवल्या. शिवाय चिठ्ठी: रागावलास का?

परत आलो. थर्मॉस रिकामा, वड्या फस्त, चिठ्ठी गायब. लाइलला लिंबू आवडायचं नाही. गेल्यावर आवडनिवड बदलत असावी.

१२ नोव्हेंबर
संकल्प: घाबरायचं नाही. भाऊच तर आहे. आज मुद्दाम वाईट थर दिला, त्याला काहीतरी काम हवं म्हणून. नेहमीच्या थरापेक्षा फारसा वेगळा झाला नाही.

१४ नोव्हेंबर
दुकानात कळवलं, पाठ दुखतेय. पिकअप मागच्या गल्लीत लावली आणि स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभा राहिलो.

आठ वाजता तो आला. शिकारीचा नारिंगी कोट, कानटोपी, तेच बूट, हातात फावडं. मागून डार्ला म्हणाली, "मार्लिस आहे ती. जा, गरम कॉफी दे तिला."

मार्लिस म्हणजे लाइलची बायको. तिने फावडं थांबवलं नाही. "बावीस वर्षं तू बांधायचास आणि दुसऱ्या दिवशी तो येऊन सरळ करायचा. म्हणायचा, ऑरिनला कळू देऊ नका, खट्टू होईल. यंदा कोण करणार होतं?"

म्हटलं, मला संशय होताच. तिने खिशातून माझी चिठ्ठी काढून हातात दिली.

"नव्हता रागावला. म्हणाला, राहू दे, बिचाऱ्याची पाठ दुखतेय."

१६ नोव्हेंबर, शनिवार
शेडच्या छपरावरून सुटलो. रॅम्पच्या टोकाला पोचण्याआधीच बोर्ड थांबला. तिथेच बसलो. लोकांनी चांगुलपणाने टाळ्या वाजवल्या आणि जेवायला हॉटडिशच्या ट्रेकडे गेले.

रॅम्पचं मात्र फार कौतुक झालं. काय सरळ आहे म्हणाले, कोणी बांधला? मी म्हटलं, लाइलने. सगळ्यांचे डोळे पाणावले. भावाच्या आठवणीने बोलतोय असं वाटलं त्यांना. एकीने तर माझा हात दाबला. मार्लिस प्लेट भरत होती, तिने वर बघितलं नाही.

आज फार एकटं वाटतंय.

मार्चमध्ये माझी पाठ दुखत नव्हती.