डबल बेल

प्रिय भिंगरी,

आता तू दोन मुलांची आई आहेस, ऑफिसात तुझ्या हाताखाली माणसं आहेत, हे सगळं मला मान्य आहे. तरी पत्राची सुरुवात मी ह्याच नावाने करणार. फोनवर सांगायला गेलं की तुझी मीटिंग तरी असते, नाहीतर तू मध्येच विषय तरी बदलतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. तेव्हा हातातलं काम आटप, चहा घे आणि निवांत बस. बातमी अशी आहे की तुझे बाबा खुर्चीतून उठले. नुसते उठले नाहीत, कालव्याच्या काठाने पार जंगलापर्यंत सायकलवर जाऊन आले, आणि आल्यावर दोनदा वाढून घेऊन जेवले.

हिवाळ्यात तू येऊन गेलीस तेव्हा त्यांची काय अवस्था होती ते तू पाहिलंच आहेस. डोळ्यांना उजेड आणि सावली एवढंच उरलं, आणि तेव्हापासून खिडकीजवळची ती खुर्ची म्हणजेच त्यांचं जग झालं. दाढी करा म्हटलं की म्हणायचे, कुणाला दाखवायचीय. खालून बस गेली की आवाजावरून ओळखायचे, क्लच कसा सोडला ते सांगायचे आणि त्या बिचाऱ्या ड्रायव्हरचा उद्धार करायचे. दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं. तू म्हणालीस, घर बंद करा, माझ्याकडे या, खालची खोली तुमच्यासाठी रिकामी करते. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, त्याचा तुला राग आला असणार. पण मला एकच धास्ती होती. जो माणूस इथे स्वतःच्या फाटकापर्यंत जात नाही, तो तुझ्याकडे येऊन काय करणार? दुसऱ्या खिडकीजवळ दुसरी खुर्ची. म्हणून मी ठरवलं, आधी ह्यांना उठवायचं. राहायचं कुठे ते मग बघू.

तळघरातली आपली लांब सायकल तुला आठवत असेलच, दोन सीट, दोन हँडल, चार पेडल. तू लहान असताना मागच्या कॅरियरवर तुझी टोपली बांधायचो आणि तू वाटभर झोपायचीस. बाबा वर्षभर बस चालवायचे, त्यामुळे सुट्टी लागली की त्यांना एकच हवं असायचं, जिथे हॉर्न ऐकू येणार नाही असा रस्ता. तो त्यांना कालव्याच्या काठावर सापडला. पूर्वी बोटी ओढणारे घोडे त्या वाटेने चालायचे म्हणे, आता चालणारे आणि सायकलवाले, बाकी कुणाला मज्जाव. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं, आणि पुढे गेलं की जंगल. बाबा पुढे, मी मागे, ही वाटणी लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीतच ठरली आणि नंतर कुणी तिच्यावर चर्चाही केली नाही. पुढच्याने वाटेवर नजर ठेवायची, मागच्याने पेडल मारायचं आणि आजूबाजूला काय दिसतंय ते सांगायचं. बगळा उभा आहे, बोटीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्यात, बाई कुत्र्याला रागावतेय. आईचं तोंड मिटत नाही म्हणून तू हसतेस ना, ती सवय त्या सीटवरची.

आणि बेल. मागच्या हँडलला बाबांनी मुद्दाम एक बेल बसवली होती. बसमध्ये कंडक्टर देतो तशी एक दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. कुठेही उतरलो तर परत बसल्यावर मी डबल बेल दिल्याशिवाय ते जागचे हलायचे नाहीत. तोंडाने ‘चला’ म्हणून चालायचं नाही. एकदा मी चिडून मुद्दाम बेल दिलीच नाही, तर हा गृहस्थ भर उन्हात पाय टेकून उभा.

तर ह्या वेळी पुढे बसायची पाळी माझी होती, आणि खरं सांगते, मला सायकल येतच नव्हती. इतकी वर्षं मी फक्त पेडल मारलं, तोल कधी सांभाळला नाही. कोपऱ्यावरच्या सायकलदुरुस्तीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, मी मागे बसतो, तुम्ही चालवा. त्याचा आकार तुला माहीत आहे. पहिल्या दिवशी आम्ही दोघं लव्हाळ्यात गेलो, दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या गळाच्या दोरीत. शेजारणींची चांगली करमणूक झाली. पण हळूहळू जमलं. मग एका संध्याकाळी जेवताना मी बाबांना सांगून टाकलं. त्यांनी घास खाली ठेवला. मी पुढे आणि ड्रायव्हर मागे, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. मी म्हटलं, बेल तुमच्याकडे राहील, तुम्ही हलवलंत तरच गाडी हलेल. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, ब्रेकचे रबर बदललेस का. तोच होकार समजले आणि सायकल बाहेर काढली.

आता आयुष्यभर बस चालवलेला माणूस मागे बसला की काय होतं ते ऐक. वळण जवळ आलं हे त्यांना माझ्या आधी कळायचं. गिअर बदल, एवढा ब्रेक कशाला, चढावर दम धर, खाली बघू नकोस. मी एकदा सायकल थांबवून सांगितलं, की प्रवाशांनी चालकाशी बोलू नये अशी पाटी तुमच्याच बसमध्ये होती. त्यावर खो खो हसले. भिंगरे, तो हसण्याचा आवाज मी किती महिन्यांनी ऐकला म्हणून सांगू. पुढचं मला नीट दिसेना, मी उगाच चेन बघायचं निमित्त करून वाकले.

मग रोजच जाऊ लागलो. मी जुन्या सवयीने दिसेल ते सांगायची, आणि ते मला न दिसणारं सांगायचे. कापलेल्या लाकडाचा वास आला, म्हणजे पुढे ओंडके रचलेत. हवा गार झाली, म्हणजे झाडी सुरू. आणि पूल आला की खालून जाताना मोठ्याने ‘हो’ करून आवाज घुमवायचे, अगदी तुझ्या धाकट्यासारखे.

मागच्या आठवड्यात प्रथमच जंगलातल्या वाटेपर्यंत गेलो आणि तिथेच मी तो पराक्रम केला. जंगल सुरू होतं तिथे लाकडी फाटक आहे. फाटक धरायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. कडी चाचपडून काढतात, मी सायकल पलीकडे नेते, पुढच्या सीटवर बसते, ते फाटक लावून मागे येऊन बसतात आणि डबल बेल देतात. त्या दिवशी थोडं बिनसलं होतं, ब्रेकवरूनच. मी रागाने मागे वळूनही न बघता बसले. ट्रिंग ट्रिंग झालं आणि मी निघाले. वाट उताराची, पेडल कसं हलकं लागलं. मनात म्हटलं, राग आला की हे कसे जोर लावतात बघा. फुलांचा ताटवा आला, मी सांगितलं. पाण्यावर पिल्लांची रांग घेऊन बदक चाललं होतं, ते सांगितलं. उत्तर नाही. म्हटलं बसू दे फुगून. मग मीच नमतं घेतलं, चुकलं माझं म्हटलं, ब्रेक खरंच उशिरा दाबते मी. तरी उत्तर नाही. तेवढ्यात मागून एक बाई सायकलवरून आली, वाट द्या म्हणून तिने ट्रिंग ट्रिंग केलं आणि पुढे निघून गेली. तोच आवाज. मी मागे वळून पाहिलं तर सीट रिकामी. फाटकापाशी वाजली ती तिची बेल होती. तिला बाजूने निघायचं होतं, आणि मी तिच्या डबल बेलवर बस सोडली होती, प्रवासी स्टॉपवरच ठेवून.

एका बाजूला पाणी, आणि तिकडे दृष्टी नसलेला माणूस जंगलात एकटा. ती लांब सायकल अरुंद वाटेवर वळता वळेना. उचलली, ढकलली, झुडपात घातली, कसंबसं तिचं तोंड फिरवलं आणि पेडल मारत सुटले. वाटेत काय काय डोळ्यांपुढे आलं ते लिहीत नाही. एक वळण गेलं, दुसरं गेलं, आणि समोरून तुझे बाबा चालत येताना दिसले. हातात मोडलेली फांदी, टोपी मागे सरकवलेली. एक पाय वाटेच्या खडीवर, दुसरा कडेच्या गवतावर, असे मजेत, शीळ घालत येत होते. गवतापाशी वाट संपते आणि पाणी पलीकडे आहे, एवढं त्यांना पुरलं होतं. मी सायकल टाकून धावले. माझी चाहूल लागली तसे थांबले आणि जरा नाराजीनेच म्हणाले, “अगं, परत कशाला आलीस? मी येतच होतो.”

मी तिथेच मटकन बसले. आधी रडले, मग हसू आलं ते थांबेना. ते म्हणाले, सगळी सायकल एकटीने चालवलीस? तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आणि ते किती चालले ते त्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. वाटेने जाणाऱ्यांना वाटलं असेल, ह्या वयात काय हे. दुसऱ्या दिवशी बाबा काठी घेऊन एकटे कोपऱ्यावर जाऊन दाढीचा साबण घेऊन आले.

तेव्हा ती खालची खोली मुलांना पसारा करायला देऊन टाक. आम्ही राहायला येणार नाही, पाहुणे म्हणून येऊ. कालवा तुमच्या गावाच्या कडेने जातो, सायकलदुरुस्तीवाल्याने वाट समजावून दिलीय. रमतगमत, मुक्काम करत पोचू.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. त्या दिवशी परत निघताना आम्ही काठावरच्या बाकावर डबा खात होतो. बाबा म्हणाले, “भिंगरी माझ्या डोळ्यांबद्दल काहीच विचारत नाही. मला बघून तिला स्वतःची भीती वाटते. तिला सांग, मी मजेत आहे.” मी डबा आवरायला घेतला, कारण जावईबापूंनी मला आधीच सांगितलं होतं. अंधार पडायला लागला की तू हल्ली गाडी चालवत नाहीस, घरभर दिवे लावतेस, आणि तपासणीची वेळ दोनदा घेऊन दोनदा रद्द केलीस. डॉक्टरांनी हे दुखणं घराण्यात उतरू शकतं म्हणून सांगितलं, तेव्हा तू भिंतीवरचा तक्ता वाचत बसली होतीस, मी पाहिलं होतं. तुझ्यावर रागावलेली नाही मी, माझाही जीव थरथरतोय. कदाचित नुसता चष्म्याचा नंबर निघेल. आणि दुसरं काही निघालंच, तर आंधळा माणूस पोट धरून हसतो, बायकोशी भांडतो आणि एकटा जंगलातून चालत येतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. भीती वाटली तर वाटू दे, पण एकटीने घाबरू नकोस. नंबर लाव आणि दिवस कळव. आम्ही दोघं त्याच्या आधी पोचतो आणि दवाखान्यातल्या बाकावर तुझ्या दोन्ही बाजूंना बसतो.

गुडघे दुखत असले तरी खुशीत असलेली,
तुझीच,
आई