ओढणीभर अंबाडी

माय, काल अविधवा नवमी होती आणि शेजारच्या काकूंनी याही वर्षी तुझ्या नावानं सवाष्ण जेवू घातली. आपल्या घरात हे कुणी करत नाही. आबांना तिथी लक्षात राहत नाही, आणि मी पडले वालूरच्या शाळेत मास्तरीण, सासरचं उरकता उरकता माहेरचं राहूनच जातं. पण काकू चुकत नाहीत. ज्या बाईनं बांधाच्या भांडणापायी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं, ती तुझ्या नावानं पुरण घालते आणि आधी तुझं पान वाढून ठेवते. यंदा त्यांनी मलाच सवाष्ण म्हणून बोलावलं. आईच्या नावाचं लेकीनंच जेवावं असं कुठं असतं का, मला ठाऊक नाही, पण मला नाही म्हणवलं नाही. वाढायला त्यांची सून होती. तूप वाढता वाढता ती हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या मायमुळं माजं कुंकू हाय बगा." पान संपवून मी वालूरला घरी आले, आणि आज शाळेतून आल्यावर दार लावून तुला लिहायला बसले आहे.

आपला आणि त्यांचा बांध एकच होता. आबा म्हणायचे, त्यांनी नांगर आत घातला. काका म्हणायचे, आबांनी बांध कोरला. सरकारी मोजणी आली, ती दोघांनाही पटली नाही, मग परभणीच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. त्याआधी तू आणि काकू बांधावरच्या हिवराच्या झाडाखाली भाकरी सोडून बसायच्या, एकमेकींच्या कालवणाला नावं ठेवत पोटभर जेवायच्या. ते सगळं बंद झालं. पाणी भरताना समोरासमोर आलात तरी दोघी घागरीकडं बघायच्या. आणि नेमका त्याच दिवसांत तुझ्या लेकीला त्यांचा मुलगा आवडायला लागला. सगळ्या गावात दुसरा कुणी सापडला नसता असं नाही. पण तो पोलीस भरतीसाठी रोज पहाटे झरीच्या रस्त्यानं पळायचा, आणि पळून आल्यावर धापा टाकत माझ्याकडं बघून असा हसायचा की माझा दिवस त्यातच जायचा. लिहितानाही मला लाज वाटते आहे. माझी मुलगी आता त्याच वयाची व्हायला आली.

आम्ही त्याच हिवराखाली भेटायचो. दुसरी जागाच नव्हती. घरातून निघताना मी म्हणायचे, "माय, भाजी आणते ग." अंबाडी, पाथरी, जे मिळेल ते. आणि परत यायचे मूठभर पानं घेऊन, तीही वाटेत घाईघाईनं ओरबाडलेली. तू चुलीपुढं बसलेली असायचीस. ती मूठ हातात घेऊन, उलटसुलट करून म्हणायचीस, "लय उशीर केलास. भाजी तोडायलीस का पेरायलीस?" मी काहीतरी थाप मारायचे. तू त्या मूठभर पानांत डाळ वाढवून सगळ्यांना पुरेल एवढं वरण करायचीस, आणि आबांनी भाजी कुठाय विचारलं की म्हणायचीस, "हाय की त्यात, शोधा." मला वाटायचं, माझी माय भोळी आहे.

त्याच्या आदल्या वर्षी रानडुकरांनी भुईमूग उकरून टाकला तेव्हा आबांनी बांधाला तार ओढून झटका मशीन बसवलं होतं. खांबावर पिवळा डबा, खाली बॅटरी, आणि डब्यातून सारखी टिकटिक. तारेला हात लागला की झिणझिणी येऊन हात मागं फेकला जायचा, पण माणूस मरायचा नाही. त्यानं एकदा मला दाखवायला मुद्दाम हात लावला आणि ओरडून खाली बसला, तेव्हा मी पोट धरून हसले होते. टिकटिक चालू असली की तो काठीनं तार उचलून खालून यायचा. बंद असली की हातानंच. त्या पावसाळ्यात बॅटरी गेली आणि टिकटिक थांबली. आम्हाला केवढा आनंद झाला होता. तो म्हणाला, "आता मशीन मेलं, तार काय करायलीय." आबांनी विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमधून वायर काढून सरळ तारेला जोडली होती, हे आम्हाला कुठं माहीत होतं? डबा खांबावर तसाच होता. सगळ्या शिवाराला वाटायचं, आवाज नाही म्हणजे करंट नाही.

तुला माहीत होतं. आबांनी पुढं मला स्वतःच सांगितलं, "तिला बोललो व्हतो म्या. रातच्याला जोडतो, सकाळी काडून ठेवतो म्हणलं." आता मला ती दुपार कळते. तू भाकरी थापत होतीस, आणि मान वर न करता म्हणालीस, "बांधाकडं जात जाऊ नको ग." मी विचारलं, "कामून?" तर म्हणालीस, "न्हाई म्हणलं ना. भाजी वढ्याकडची आण, तिकडं लय हाय." मला वाटलं, तूसुद्धा त्या भांडणात उतरलीस. मी ताट आपटून उठले. तू तरी काय करणार होतीस? तारेचं सांगितलं असतंस तर मी ते त्याला सांगितलंच असतं, त्याच्याकडून काकांना कळलं असतं, आणि आबांना आत टाकायला काकांना तेवढंच पुरे होतं. नवराही राखायचा आणि लेकही, म्हणून तू एवढंच म्हणालीस. आबांना आमचं माहीत होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते म्हणतात तार डुकरांसाठी होती. काही दिवस मी ते खरं धरते.

त्या दिवशी आबा तारखेला गेले. पहिल्या गाडीनं जायचं म्हणून शेताकडं न जाताच निघाले. मी म्हटलं, "माय, भाजी आणते ग." तू परातीत पीठ मळते आहेस. माझ्याकडं बघतेस, काहीतरी बोलणार असं वाटतं, आणि मग नुसतं म्हणतेस, "ये लवकर." त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. पण दुपारीच गावातली गिरणी घरघरायला लागली. गिरणी चालू म्हणजे थ्री-फेज आली, हे पोराटोरांनाही कळतं. मोटारीला ऑटो लावलेलं, लाइट आली की आपोआप चालू. आणि तारेला जोडलेली वायर सकाळी कुणी काढलीच नव्हती. तू मळलेलं पीठ तसंच टाकून निघालीस. डोईवर पदर नाही, पायात चप्पल नाही, हाताला पीठ. गल्लीतल्या बायांनी विचारलं, "कामून पळायलीस ग?" तू थांबली नाहीस.

बटण बंद करायला विहिरीवर जायला हवं होतं. पण विहीर पार पलीकडच्या टोकाला, आणि हिवर वाटेतच. तू तिथं जाऊन आम्हाला हाक मारली असशील. कुणी ओ दिली नसेल. म्हटलं असशील, पोरगं तुरीतून येतच असेल, आलं की हात घालील तारेला. म्हणून तू बांधावरची तुराटीची काठी उचललीस आणि तार खांबावरून पाडायला गेलीस. तुराटी पावसानं भिजलेली होती.

काकांनी तुला पाहिलं. त्यांनीच पळत जाऊन विहिरीवरचं बटण पाडलं, आणि पोलीस ठाण्यात जायला निघाले. तेवढ्यात त्यांच्या मुलानं "दादा, इकडं या" म्हणून त्यांना बाजूला घेतलं. काय बोलला ते कुणी ऐकलं नाही. काका खाली बसले, मग उठले आणि स्वतःच्या हातानं ती सगळी तार गुंडाळून विहिरीत टाकली. पंचनाम्यात मोटारीचा शॉक असं आलं. कोर्टातली केस पुढं मिटली, बांध त्यांच्या मनासारखा पडला, आबांनी सही करून दिली.

तुझ्या दहाव्याला तो मला ओढ्याजवळ गाठून म्हणाला, "मी दादाला सांगितलं, मी तारेला हात घालायलो व्हतो, तुज्या मायनं मला मागं लोटलं आन् मग सोता तार काडायला गेली." मी विचारलं, "तू होतास तिथं?" तर म्हणाला, "न्हाई. मी स्टँडवर बसलो व्हतो. पण दादा ठाण्यात जायले व्हते. तुजे आबा आत गेले असते तर तुजं काय झालं असतं?" माय, माझ्यासाठी एवढं मोठं खोटं नंतर कुणी बोललं नाही, माझा नवरासुद्धा नाही, आणि तो चांगला माणूस आहे. पण त्या खोट्यानंतर आमच्यात काही उरलं नाही. तो दिसला की मला तुझे पिठाचे हात दिसायचे. वर्षाच्या आत आबांनी मला वालूरला देऊन टाकलं आणि मी बोहल्यावर उभी राहिले. तो भरती झाला, दूर कुठं तरी असतो. त्याच्या आईला त्यानं खरं कधी सांगितलं नाही. म्हणून काकू तुझं पान वाढतात आणि त्याची बायको तूप वाढताना कुंकवाचं बोलते.

ओढ्याजवळ त्यानं मला आणखी एक विचारलं होतं, "तू वाट बगायली व्हतीस का तिथं?" मी बोलले नाही. तो समजला, हो. आबाही तसंच समजतात. काल पानावर बसल्यावर वाटलं, बोलून टाकावं. पण मग काकूंनी पुढच्या वर्षी कुणासाठी पुरण घालायचं? म्हणून हे कागद शाळेच्या पिशवीत तळाशी राहतील, आणि तिथल्या जुन्या पेपरांबरोबर एक दिवस रद्दीत जातील.

तुझं ऐकून त्या दिवशी मी बांधाकडं गेलेच नव्हते. मी ओढ्याकडं होते. तिथं खरंच लय अंबाडी होती, तू म्हणाली होतीस तशी. भाजी आणते म्हणाले, ते त्या एका दिवशी खरं होतं, माय. ओरडा ऐकून मी पळत आले तेव्हा माझी ओढणी भरलेली होती.