दहा मिनिटं पुढचं घड्याळ

मंगळवार, १२ ऑगस्ट, आसगाव

देशाच्या वीज सुधारणेवर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ मॅडमना आज माझी वही दाखवली. धानाच्या पंपांची लाईन कधी आली, कधी गेली, चार वर्षांची नोंद. त्यांच्या अहवालात आसगाव यावं, एवढंच मनात होतं. मिनिटाचाही फरक नाही, असं मीच छातीठोक सांगितलं.

त्यांनी सबस्टेशनच्या नोंदींशी ताडलं. "भाऊ, प्रत्येक वेळ दहा मिनिटं पुढे आहे. ही वही नाही घेता येणार."

बस चुकू नये म्हणून घरचं घड्याळ मीच पुढे ठेवतो. दहा मिनिटं. पण लाईन किती तास होती ते तर बरोबरच ना? मग बोललो काहून नाही? मिनिटाची फुशारकी मारून बसलो होतो.

बायको म्हणाली, "मंग घड्याळ मागं करू का जी?"

"राहू दे."

संध्याकाळी लाईन गेली. वही उघडली नाही.