पुस्तकातल्या रक्ताला वास नसतो

डोणगाव, मंगळवार, जुलै १९६४

संध्याकाळपासून मन थाऱ्यावर नाही. कमल आली होती. आमच्या शाळेतून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी, विज्ञानात कायम वरचा नंबर. वॉर्डात पहिल्याच ड्रेसिंगला चक्कर येऊन पडली आणि बॅग भरून थेट घरी आली.

"सर, हृदयाचे चार कप्पे मले झोपेतबी सांगता येतात," ती म्हणाली, "पण जखमेले असा वास येते, हे कोनं सांगतलंच नाही."

कोण सांगणार? मी तरी तो वास कुठे घेतलाय? तक्त्यावरच्या लाल-निळ्या शिरा दाखवायच्या, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची. ही तयारी नर्सिंगची, की नुसती परीक्षेची? तो वास... तेवढंच डोक्यात घोळतंय.

"परत जाशील?" मी भीतभीतच विचारलं.

"तो पेशंट मलेच हाका मारत होता सर, अन् मी खाली पडेल होती. मले जाच लागन."

जायच्या आधी उद्याचा माझा तास तिला दिलाय. मुलींना सगळं सांग म्हटलं. ऐकून त्या घाबरतील, त्यांचे आईबाप तर नकोच म्हणतील. चूक तर करत नाही ना मी? पण न सांगता आता एकीलाही पाठवणं जमायचं नाही.