पिवळ्या पट्ट्याच्या आत

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी दार उघडलं नाही.

सकाळी कोपऱ्यावरचा घड्याळवाला ओरडला, "पाहुणे!" पाहुणे म्हणजे नगरपरिषदेची गाडी. फुटपाथवरच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर जे दिसेल ते उचलून नेतात. मग आमच्या लाइनीत रीत ठरलेली — दुकानदारांनी आपापली स्टँडं आत ओढायची आणि फुटपाथवर बसणाऱ्या बायकांनी टोपल्या जवळच्या दुकानात सरकवायच्या. गाडी गेली की सगळं पुन्हा बाहेर! सातपाटीची सुगंधा माझ्या पायरीशी मासे घेऊन बसते. मी दुकान टाकलं तेव्हापासून तिची टोपली माझ्याच काउंटरखाली येते.

आज दिवाळीचा माल नुकताच फोडलेला. फरशीभर नवे कुर्ते. त्यांना मासळीचा वास लागला तर? स्टँड आत घेतलं आणि काचेचं दार लावलं. कडीसुद्धा घातली! ती काचेवर थापा मारत होती — "स्वातीताय, दार उघड गो! आले ते!" मी फोन कानाला लावून पाठमोरी उभी. फोनवर कोणी नव्हतंच.

टोपली गेली. पापलेटं, बोंबील, सगळं गाडीत. आणि गाडीबरोबर आलेला साहेब माझ्या दुकानाकडे बोट दाखवून बायकांना म्हणतो, "या ताईंसारखं नियमाने वागा जरा." अरे, माझं स्टँड थोड्या वेळापूर्वी तिच्या टोपलीच्याही पुढे होतं! त्याने दुकानाचा फोटो काढला. मी फोटोत हसले. हसले!

८ ऑक्टोबर

सुगंधा आली नाही. फोटो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय, खाली अंगठेच अंगठे. शेजारचा भांडीवाला केदार एवढंच म्हणाला, "छान आलाय फोटो, वहिनी."

९ ऑक्टोबर

रूपेश बोईसरहून शिफ्ट करून आला, त्याला सांगितलं. "अगं, फुटपाथ आहे तो. चूक तिचीच ना?"

"आणि आपलं स्टँड?"

तो जेवत राहिला. नवरा बाजू घेतोय आणि मला मात्र कोणीतरी चार शब्द सुनावावेत असं वाटतंय.

११ ऑक्टोबर, शनिवार

आली! नवी टोपली घेऊन. माफी कशी मागायची ते सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. तोंडातून काय निघालं? — "त्या दिवशी नेमका फोन आला होता गं." परत खोटं!

"हां गो ताय, धंद्याला फोन घ्यावाच लागतो," म्हणाली. माझ्या पोरीचा गेल्या आठवड्यातला ताप उतरला का, तेही तिनेच विचारलं. कोलीम, म्हणजे बारीक जवळा, बांधून दिलं, पैसे घेईना — "तू काय परकी हाय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं लिहायचं तर हायसंही वाटलं. मिटलं म्हणायचं.

१३ ऑक्टोबर

स्टँड पट्ट्याच्या आत घेतलं, आणि आतच ठेवणार. रस्त्यावरून कुर्ते दिसत नाहीत. न दिसू देत. पायरीशी सुगंधाला ऐसपैस जागा झाली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

"पाहुणे!" ऐकलं आणि गिऱ्हाईक तसंच सोडून धावले. दार सताड उघडून धरलं. "ये सुगंधा, लवकर ये!"

तिने टोपली उचलली. माझ्याकडे बघून छान हसली. "राहू दे गो ताय," म्हणाली — आणि केदारच्या दुकानात शिरली.