सरदारची खोली

अमरावती, ७ एप्रिल १९३९

प्रिय रमा,

कॅम्पात खोली मिळाली. म्हणजे निम्मी मिळाली. उरलेली निम्मी कशी मिळायची ते शेवटी लिहिते. तुझ्या सवयीने शेवट आधी वाचू नकोस.

शाळा कॅम्पात आणि मी राहायला जुन्या गावात, बुधवाऱ्यात. गुडघ्यांना ही पायपीट झेपेना, म्हणून महिनाभर शाळेजवळ खोली शोधत होते. इथली भाडी साहेबांच्या पगाराला शोभणारी. एका वकिलाच्या बंगल्यात तर स्वयंपाकाला आलेली बाई समजून मला मागच्या दाराने आत घेतलं. मीही चहा पिऊनच निघाले.

शेवटी पार्बताबाई भेटल्या. शेती भातकुलीला, बंगला इथे. दाराशी मोटार आल्यापासून तबेला रिकामा, त्यालाच चुना मारून खोली केली आहे. भाडं मास्तरणीला परवडेल असं. दारावर घोड्याचं नाव अजून आहे, ‘सरदार’. पुसू का विचारलं, तर म्हणाल्या, “राहू द्या मास्तरीणबाई, तो तुमच्यापेक्षा जुना भाडेकरू हाय.”

मग अट सांगितली. “एकट्या बाईले मी खोली नाई देत. एकटी बाई भिताडासंगं बोलते, अन् मंग मलेच तिच्यापाशी जाऊन बसा लागते.” मी पटकन म्हणून गेले, एकटी कुठे, मैत्रीण आहे सोबतीला. “भांडता का दोघी?” मी खरं ते सांगितलं. नागपूरच्या कॉन्व्हेंटात खिडकीखालच्या खाटेवरून चार वर्षं भांडलो, आणि सिस्टरांनी खाट तिसरीलाच दिली. बाई पोट धरून हसल्या. “मंग जमते. पण अखजीच्या आत दोघीबी दिसल्या पायजे, नाई त खोली दुसऱ्याले.”

रमा, अकोल्याला पुतण्याकडे सगळं बरं चाललंय असं तू दर पत्रात लिहितेस. बरं चाललं असतं, तर माझी पत्रं शेजारच्या लीलाबाईंच्या पत्त्यावर कशाला मागवली असतीस? मी विचारत नाही. तुला न विचारता तुझं नाव मात्र सांगून बसले आहे, आणि अक्षय्य तृतीयेला, बाईंच्या अखजीला, दोनच आठवडे उरलेत. बडनेऱ्याला गाडी बदलायची, झोपून जाऊ नकोस. मी स्टेशनवर टांगा घेऊन उभी राहीन. खोलीला खिडकी एकच आहे. काल तिच्याखाली खाट टाकून आले. ती तुझी. मी अजून तिच्यावर टेकलेसुद्धा नाही.

तुझीच,
भिंतीकडच्या खाटेवरची गोदू