सोळा नोव्हेंबर कोरडाच असतो

१ जानेवारी
नवी वही. यंदा संकल्प एकच: पावसाला रंगेहाथ पकडायचं. भूगोल शिकवण्यात एकतीस वर्षं गेली, गच्चीवर नरसाळं लावलेली बाटली ठेवून पाऊस मोजण्यात अकरा. या शहरात कुठल्या महिन्यात किती पडतो, हे माझ्याइतकं समुद्रालाही ठाऊक नसेल. आजचा पाऊस शून्य. अपेक्षेप्रमाणे.

९ जानेवारी
पाच मिलिमीटर! जानेवारीत! सौ.चे वाळत घातलेले कपडे भिजले. बिनधास्त बाहेर घाल, असं मीच म्हणालो होतो. हा मुळात जानेवारीचा पाऊसच नव्हे, डिसेंबरचा राहिलेला असणार. मागच्या वहीत डिसेंबरच्या पानावर टाकला. हिशेब जुळला.

२२ फेब्रुवारी
मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला आहे, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याचे वडील बंदरात टगबोट चालवून रिटायर झालेले. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. रजिस्टर लग्न आणि संध्याकाळी समुद्राकाठच्या लॉनवर रिसेप्शन, ही मुलीची लहानपणापासूनची हौस. तारीख मी काढायची. वह्या उघडल्या. १६ नोव्हेंबर. अकराच्या अकरा वर्षं ठणठणीत कोरडा. कॅप्टन खिडकीशी गेले, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, नोव्हेंबरचा काही भरवसा नाही हो. फेब्रुवारीत नोव्हेंबरचा वास! मी अर्धा तास विज्ञान समजावलं. त्यांनी आणखी एक चहा मागितला.

४ मे
लोकांच्या सोयीसाठी बिल्डिंगच्या जिन्यापाशी अंदाजाचा फलक लावला. पहिला अंदाज: आज पाऊस नाही.
दुपारी खाली उतरून पाहतो तर त्याखाली कुणीतरी लिहिलेलं, छत्री न्या. अक्षर सौ.चं.
संध्याकाळी पडला. मुद्दा तो नाही. मुद्दा अक्षराचा आहे.

१२ जून
आठ तारखेला यायला हवा होता. चार दिवस गमबूट घालून हिंडतोय. भाजीवाली विचारते, पायाला काही लागलंय का.

१९ जुलै
एका दिवसात बाटली भरून वाहिली. ती बदलायला धावलो आणि गच्चीवर आपटलो. घोटा सुजला. वाहून गेलेलं पाणी अंदाजाने लिहिलं. हाताशी इतका अनुभव असल्यावर मोजायचं कशाला?

३ सप्टेंबर
घात. सौ. रोज सकाळी कपडे वाळत घालण्याआधी कॅप्टनना फोन करते. जूनपासून! मी म्हणालो, घरात तज्ज्ञ बसलाय आणि तू व्याह्यांना विचारतेस? ती म्हणाली, पण कपडे वाळतायत ना. दुपारी जेवलो नाही. चारला थोडं खाल्लं.

२० ऑक्टोबर
याहून मोठा घात. लॉन कधीच सोडून दिलंय. रिसेप्शन बंद हॉलमध्ये. सौ. आणि कॅप्टननी परस्पर ठरवलं, मला पत्रिका छापून आल्यावर कळलं. पत्रिकेत माझं नाव ठळक आहे. त्याचा काय उपयोग? घरात अबोला धरलाय. अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
मुलगी गच्चीवर आली. म्हणाली, बाबा, लॉन अजून रिकामं आहे, मी विचारून आले. तुम्ही हो म्हणा, हॉल आत्ता सोडते. आईचं मी बघते. फक्त एकदा सांगा, नक्की नाही ना पडणार?
वर्षभरात मला कुणी विचारलं असेल तर ते हे एकदाच. आभाळ स्वच्छ. अकरा वह्या माझ्या बाजूने. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, हॉलच असू दे.
ती बरं म्हणाली आणि खाली गेली.
असं का म्हणालो? पार्किंगचा विचार केला असणार. हॉलला पार्किंग चांगलं आहे.

१६ नोव्हेंबर
एक थेंब नाही. वारासुद्धा बेताचा. हॉलमध्ये उकडून सगळे घामाघूम. कॅप्टननी पाहुण्यांसमोर माझा हात धरला आणि मोठ्याने कबूल केलं, चूक आमची झाली, मास्तर पहिल्या दिवसापासून सांगत होते, त्यांचं ऐकायला हवं होतं. टाळ्या पडल्या. सौ.चे डोळे भरून आले. म्हणाली, माझं चुकलंच. वर्षभर ज्या वाक्याची वाट पाहिली, ते हेच.
मुलगी शेजारीच उभी होती. तिने माझी कॉलर नीट केली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही अजून जेवला नाहीत.